आखाजीतली तोंडी परीक्षा

माझा भाऊ अभिमन मला आखाजीला न्यायला नशिराबादला आला, तेव्हा त्याच्या एका हातात आईने दिलेली कुरडया-पापडांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात पुस्तक. ओट्यावर पाय ठेवण्याआधी त्याने पुस्तकाचं पान दुमडलं, मगच माझ्या सासूबाईंच्या पाया पडला. सासूबाई म्हणाल्या, "ताईबाई, तुझा भाऊ तुला न्यायला आलाय की पुस्तकाला हवा खायला घेऊन आलाय?" मी पदराआड हसले. सासूबाईंशी माझं फारसं पटत नसे, पण त्या दिवशी त्या बोलल्या ते खरंच होतं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतरांच्या पंचांगात ती एक दिवसाची असते, आमच्या खानदेशात सासुरवाशिणी तिची वर्षभर वाट बघतात. भाऊ न्यायला येतो, झाडाला झोके बांधलेले असतात, आंब्याचा रस आणि खापरावरचे मांडे खाऊन अंग सुस्त होतं. आणि माहेरवाशिणीने त्या दिवशी काही मागितलं तर बाप नाही म्हणत नाही. मी तोवर दरवर्षी लुगडंच मागत आले होते. तेवढीच माझी अक्कल, असं आबांनाही वाटत असावं.

फैजपूरला काँग्रेस भरली होती, त्यानंतरची ही दुसरी आखाजी. माझं माहेर दोंडाईच्याजवळ. जळगावहून गाडीत बसलो तसं अभिमनने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "अक्का, हाई धर आनि इचार." पुस्तक निम्मं इंग्रजी, निम्मं मराठी. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे माझ्या वाट्याला निम्मंच आलं. पण मी काही सोडलं नाही. सिंधमधलं धरण कुठलं, सुवेझचा कालवा कुणाकुणाला जोडतो, रबर कुठून येतं, हत्तीरोग कशाने होतो, गव्हर्नराचा पगार कोण ठरवतो. धरणगाव गेलं, अमळनेर गेलं, आणि हा आपला एकेक उत्तर असं देत होता की समोरच्या बाकावरचा एक म्हातारा मुसाफिर खाली उतरायचं सोडून ऐकत बसला. शेवटी त्याच्या सुनेने त्याला हात धरून उतरवलं.

अभिमन धुळ्याला मॅट्रिक झालेला. सरकारी महसूल खात्यातल्या जागांसाठी परीक्षा असे. आधी सामान्य ज्ञानाची लेखी, मग निवडलेल्या मुलांची धुळ्याला तोंडी, तीही इंग्रजीत. जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि पोरं जत्रेएवढी. लेखी तो मागच्या वर्षी पास झाला होता, याही वर्षी झाला होता. मागच्या वर्षी तोंडीत नापास झाला. यंदाची तोंडी आखाजीनंतरच्या आठवड्यात होती, आणि पुढच्या वर्षी त्याचं वय अटीत बसणार नव्हतं. म्हणजे हीच शेवटची.

"इतलं बठ्ठं येस तुले," मी म्हटलं, "मंग मांगला साले काय व्हयनं?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, उन्हाने फाटलेली काळी जमीन होती नुसती. मी पुस्तक मिटलं आणि त्याचा कान धरला. मोठी बहीण आहे, गाडीत चारचौघांत कान धरला तरी चालतं.

तेव्हा त्याने सांगितलं. तोंडी घेणारे तिघे जण होते. मधे बसलेला साहेब म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, भुवया थेट आबांसारख्या. त्याने विचारलं, सुवेझचा कालवा कुठे आहे आणि आपल्याला त्याचा उपयोग काय. अभिमनने मान खाली घातली आणि म्हणाला, "यू आलरेडी नो, सर." साहेबाने दुसरा प्रश्न विचारला. त्यालाही हेच उत्तर. तिसऱ्यालाही. मग साहेब म्हणाला, ठीक आहे, जा.

"आनि तुले काय वाटनं?"

"माले वाटनं साहेब खूश व्हयना," अभिमन म्हणाला. "रागे भरना नही, काही नही."

मी इतकी हसले की डब्यातली बायामाणसं वळून बघायला लागली. हसता हसता मला राग आला. राग अभिमनचा नाही, आमच्या घराचा.

आमच्या घरात आबांसमोर कुणी बोलत नाही. आबांनी विचारलं तरी नाही. त्यांचं नाव उखर्डू. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आजीने दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं. पण नाव उकिरड्याचं असलं तरी उखर्डू पाटलांचा दरारा असा की ते ओट्यावर आले की आतल्या बांगड्यासुद्धा वाजायच्या बंद होत. मोठ्या माणसाने काही विचारलं तर मान खाली घालून म्हणायचं, "तुमाले मालूमच शे." मोठ्यांना माहिती देणारे आपण कोण? हीच आमच्याकडची रीत, आणि आबाही त्यांच्या बापासमोर असेच उभे राहत. आबांनी आईला विचारावं, घरात पीठ आहे का, आईने म्हणावं, तुम्हाला ठाऊकच आहे, आणि मग आबांनी स्वतः जाऊन डब्यात बघावं. अशी आमच्याकडची मर्यादा.

हीच मर्यादा माझा भाऊ इंग्रजीत भाषांतर करून साहेबासमोर ठेवून आला होता.

"आबाले मालूम शे का, तू काबर नापास व्हयना ते?" मी विचारलं.

"आबानी इचारंच नही," तो म्हणाला. "यंदा नही व्हयनं तं औत धर म्हनेत. छगनलेबी अजून सांगं नही."

छगन आमचा सालदार, सालाने ठेवलेला गडी. सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं आणि त्याच दिवशी पुढच्या वर्षाचं ठरतं. आबांनी त्याला सांगून ठेवलं होतं की यंदा निकाल लागेपर्यंत थांब. पोरगा घरी राहिला तर सालदार लागणार नाही. त्यामुळे अभिमन पास व्हावा म्हणून देवाला सगळ्यात जास्त नवस छगनने बोलले होते.

घरी पोचल्यावर मी दोन दिवस नुसती बघत होते. अभिमन माळ्यावर बसून पाठ करायचा, दीपचंद शेठजींच्या दुकानातली शिळी वर्तमानपत्रं आणून वाचायचा, भिंतीशी बोलायचा. भिंतीशी तो अगदी वकिलासारखा बोलत असे. जिन्यावर आबांचं पाऊल वाजलं की गप्प. मी म्हटलं, ह्याला अजून ज्ञान देऊन उपयोग नाही, पोतं भरलेलं आहे, तोंडच बांधलेलं आहे.

पण वर्षातून एक वेळ अशी असते की आबांसमोर कुणीही काहीही बोलतं. आखाजीला दुपारची जेवणं झाली की आमच्याकडे पत्ते पडतात. गावोगाव पडतात, त्या दिवशी पत्ते खेळायला ना देवाची मनाई ना घरच्यांची. आणि एकदा पत्त्यांवर बसलं की मालक, सालदार, बाप, लेक असं काही उरत नाही. छगन वर्षभर आबांच्या समोर पायताण काढून उभा राहतो, पण त्या दुपारी आबांच्या राजावर हुकूम आपटून असा ओरडतो की झाडावरचे कावळे उडतात, आणि आबा त्याला काही म्हणत नाहीत. अभिमन मात्र तिथेही कधी बसला नव्हता. मर्यादेचा पुतळा!

आखाजीच्या दिवशी सकाळी घागरी पुजल्या, पितरांना नैवेद्य दाखवला, जेवणं झाली. आबा सुपारी कातरत म्हणाले, "काय पाह्यजे तुले, बाई? लुगडं देख, जो रंग आवडी तो."

"लुगडं नको, आबा."

त्यांनी अडकित्ता थांबवला. स्वयंपाकघरात आईनेही हातातलं भांडं थांबवलं.

"आज पत्तास्मा माले पंच करा," मी म्हटलं. "पैसा लावाना नही. जो हात जिंकी त्यानी प्रश्न इचारना. ज्याले इचारा, त्यानी उत्तर देवानं, समोर देखीसन. आनि अभिमन खेळी."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मग माळ्याकडे बघितलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला सांगता येणार नाही. पण माहेरवाशिणीने मागितलेलं होतं आणि दिवस आखाजीचा होता. ते म्हणाले, "बलाव त्याले."

पडवीत घोंगडी टाकली. आबा, छगन, अभिमन आणि शेजारचा गिरधर, जो कुठेही पत्ते पडले की बोलावल्याशिवाय येतो. मी उंबऱ्यावर पोळपाट घेऊन बसले, हातात लाटणं. पंचाच्या हातात काहीतरी असावं लागतं.

पहिला हात छगनचा झाला. त्याने अभिमनला विचारलं, "सालदारले दिनमा कितला सावा भूक लागस?"

"तीन येळा," अभिमन पत्त्यांकडे बघत म्हणाला.

"आनि मालक जेवाले देतस दोन सावा!" छगनने मांडीवर थाप मारली. गिरधर घोंगडीवर लोळला. आबांनी मिशीखाली काहीतरी गिळलं. पत्त्यांवरचं बोलणं पत्त्यांवरच राहतं.

दुसरा हात आबांचा. त्यांनी अभिमनला विचारलं, "तापीनं पानी कोठे जास?"

ज्याने गाडीत जगातल्या नद्या घडाघडा म्हटल्या होत्या, त्या माझ्या भावाने मान खाली घातली आणि सुरू केलं, "आबा, तुमाले तं मालूमच..."

मी पोळपाटावर लाटणं आपटलं. "बाद! वर देखीसन सांग."

त्याने वर बघितलं. कपाळावर घाम आला होता. "सुरतपाशी समुद्रले मियस," तो पुटपुटला.

"ऐकू उनं नही," मी म्हटलं, ऐकू आलं होतं तरी.

तिसऱ्यांदा त्याने ते मोठ्याने सांगितलं. आबांनी मान हलवली आणि पुढचा पत्ता टाकला. एवढंच. आभाळ कोसळलं नाही, कुणी कुणाला मारलं नाही. मी अभिमनच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यालाही तेच आश्चर्य वाटत होतं.

मग खेळ रंगला. आबांना जिंकायची हाव सुटली. पत्त्यांची नव्हे, प्रश्नांची. त्यांनी विचारलं, सूर्य फिरतो की धरती. अभिमन म्हणाला, धरती. आबा म्हणाले, "मी जलमभर देखी राह्यनू. सूर्य फिरस."

मी लाटणं घट्ट धरलं.

"नही आबा," अभिमन म्हणाला. त्याचे डोळे वर होते. "तुम्ही चुकी राह्यनात."

आमच्या घरात हे वाक्य याआधी कुणी उच्चारलं असेल असं मला वाटत नाही. आबांनी हातातले पत्ते पालथे ठेवले. "मंग इहिरनं पानी सांडत का नही?" ते म्हणाले, आणि मला उमगलं की ते रागावले नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. अभिमनने गाडीत बसलेल्या माणसाचं उदाहरण दिलं, गाडी पळते तसा आतला माणूसही गाडीबरोबरच पळतो, तसं पाणी धरतीबरोबर चालतं. आबांनी आणखी विचारलं, त्याने आणखी सांगितलं. छगन तोंड उघडं ठेवून ऐकत होता. मला इतका आनंद झाला की मी उठून सगळ्यांना गूळ आणून दिला, गिरधरलासुद्धा.

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं, असं मला त्या संध्याकाळी वाटत राहिलं. पण पुढचा हात पुन्हा आबांचा झाला. त्यांनी पत्ते गोळा केले आणि सरळ अभिमनकडे बघून विचारलं, "शेती सोडीसन तुले नोकरी काबर पाह्यजे?"

हा पुस्तकातला प्रश्न नव्हता. अभिमनने माझ्याकडे बघितलं. मी लाटणं उचलेन असं त्याला वाटलं असेल, पण मी उचललं नाही. मलाही उत्तर ठाऊक नव्हतं.

"सांगू का, आबा?"

"इचारं ना मी."

"मी धाकला व्हतू," अभिमन म्हणाला. "बांधना वाद व्हता. तुमनासंगे मामलेदार कचेरीमा उनू व्हतू. जमीन आपली, हद्द तुमाले तोंडपाठ. तठला कारकून इचारे, आनि तुम्ही पागोटं हातमा धरीसन खाले मान घालीसन उभा. त्याले म्हनेत, साहेबले मालूमच शे. त्याले काहीच मालूम नव्हतं, आबा. बांध गया."

गिरधरने पत्ते खाली ठेवले.

"माले तवयपासून वाटस," अभिमन थांबला नाही, "त्या टेबलना मांगे असा कोनी पाह्यजे जो तुमाले पह्यले बस म्हनी, आनि मंग इचारी."

आबा उठले. धोतराचा सोगा झटकला, पायताण घातलं आणि गोठ्याकडे गेले. जाताना कुणाकडे बघितलं नाही. त्यांचे पत्ते तसेच पालथे पडलेले होते. छगनने ते उलटायला हात पुढे केला, तो मी लाटण्याने मागे सारला.

आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. माझी आई मंजुळाबाई एरवी मोठ्याने बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. सणाच्या दिवशी बापाचं तोंड पाडलंस, लुगडं घेतलं असतंस तर काय झिजली असतीस? अभिमन माळ्यावर जाऊन बसला होता आणि त्याचं पाठांतर ऐकू येत नव्हतं. मला भीती वाटायला लागली की मी त्याचं तोंड उघडायला गेले आणि ते कायमचं शिवून बसले. झोक्यांवर माझ्या मैत्रिणी गात होत्या, मला हाका मारत होत्या. मी गेले नाही. वर्षभर ज्याची वाट बघितली ती आखाजी मी चुलीपुढे बसून घालवली.

दिवेलागणीच्या आधी आबा गोठ्यातून आले. हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, "मना कोट धोई ठेव."

आबांचा कोट लग्नाकार्याला निघे.

"धुळं जानं शे. मी बी येस त्यानासंगे."

मला रडू आलं आणि हसूही आलं. मी तशीच जिन्याकडे धावले आणि अभिमनला सांगितलं. त्याने डोळे मोठे केले आणि म्हणाला, "काबर?" मी म्हटलं, जा आणि विचार. तो खाली आला आणि त्याने खरंच विचारलं. "आबा, तुम्ही काबर येतस?" आबा म्हणाले, "माले काम शे." धुळ्याला त्यांचं काय काम होतं ते देव जाणे. पण माझ्या भावाने प्रश्न विचारला होता, हे मी लक्षात ठेवलं.

तोंडीच्या दिवशी दोघे पहाटेच सर्व्हिस मोटारीने गेले आणि दिवस मावळायला आले. अभिमन ओट्यावर बसण्याआधीच बोलायला लागला, आणि मी, आई, छगन त्याच्याभोवती. आबा बैलांना पाणी दाखवण्याच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होते, बैलांनी केव्हाच तोंड वर केलं होतं तरी.

तोच पांढऱ्या मिशांचा साहेब होता. त्याने ओळखलं असावं, कारण पहिलाच प्रश्न सुवेझचा. अभिमनने वर बघून उत्तर दिलं, आपल्या कापसाचं भाडं कालव्यामुळे कसं कमी झालं तेही सांगितलं. बाजूच्या साहेबाने विचारलं, तुमची तापी अमरकंटकला उगम पावते ना?

"मंग?" मी म्हटलं.

"मी म्हनू, नो सर. अमरकंटकले नर्मदा. तापी मुलताईले."

छगनने डोक्याला हात लावला. "साहेबले नही म्हना?"

"म्हनू."

आणि मग त्यांनी विचारलं, तू खानदेशातला, फैजपूरच्या काँग्रेसला गेला होतास का? सरकारी नोकरी मागणाऱ्याला हा प्रश्न सरळ नव्हता, हे मलासुद्धा कळलं. अभिमन म्हणाला, हो, वडिलांबरोबर गेलो होतो आणि मला आवडलं. काय आवडलं? तर खेड्यातली माणसं लांबून चालत आली होती, कुणी त्यांना हाकललं नाही, सगळ्यांना बसायला जागा होती. साहेबाने काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते ठाऊक नाही.

"बरं करं का वाईट करं?" आईने विचारलं.

"मालूम नही, माय," अभिमन म्हणाला. "पन मी सांगं." आणि आईने पुढे आणून ठेवलेल्या ताटातला मांडा ओढून त्याने असा खाल्ला की आईने दुसरा वाढला, तिसरा वाढला. आबा बैल घेऊन गोठ्यात गेले. धुळ्याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. मी छगनला विचारलं, आईला विचारायला लावलं, पण त्या दिवशी ते कुठे होते, काय करत होते, काही कळलं नाही.

नशिराबादहून निरोप आला की पेरणीच्या आत परत पाठवा. मी आज जाते, उद्या जाते करत थांबले. मला निकाल ऐकून जायचं होतं. दीपचंद शेठजींचा माणूस माल आणायला धुळ्याला गेला होता, त्याला अभिमनने सांगून ठेवलं होतं की कचेरीच्या फलकावर नावं लागली का बघ. एका दुपारी तो शेठजींचा माणूस गाडी उभी न करताच रस्त्यावरून ओरडला, "लागनं! अभिमनभाऊनं नाव लागनं!" छगन गोठ्यातून धावत आला आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर आबांच्या पाया पडला. आबा म्हणाले, "तुनं साल बी लागनं, जा." मी अभिमनला मिठी मारली, आईने त्याच्यावरून मीठ-मोहरी उतरवली, आणि मी आयुष्यात कधी इतकी रडले नसेन तितकी रडले. लग्नात सासरी जातानासुद्धा नाही.

संध्याकाळी ओट्यावर गाव जमलं. आबा खाटेवर, बाकीचे खाली, अभिमन दाराशी उभा. गिरधर म्हणाला, "पाटील, काय नोकरी शे हाई? मोठी का धाकली?"

"ते त्याले इचारा," आबा म्हणाले. "माले त्यामानलं काही समजत नही." त्यांनी सुपारी तोंडात टाकली, जरा वेळ चघळली. मला वाटलं संपलं. पण ते पुढे बोलले, आणि इतके लांब बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. "मी धुळाले गऊ व्हतू. पट्टेवाला म्हने, म्हातारा, तठे झाडखाले उभा राय. मी म्हनू, उभा राहाव नही, मना पोऱ्या आत शे, माले बसाले दे. त्यानी बाक दिना. मी बाकवर बठनू, दारनासमोर. दार बंद व्हतं. तरी त्याना आवाज बाहेर येत व्हता."

"काय बोलना तो?" कुणीतरी विचारलं.

"इंग्रजीमा व्हतं. माले काय समजस? पन खाले मान घालीसन बोलनारा मानुसना आवाज इतला दूर येत नही."

मी उंबऱ्यात होते, आई माझ्या मागे. तेवढ्यात दाराशी उभा असलेला अभिमन म्हणाला, "नही आबा. दार बंद नव्हतं. अर्धं उघडं व्हतं."

म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. भर ओट्यावर, गावासमोर, पोराने बापाला खोटं पाडलं होतं. अभिमनला स्वतःलाही ते बोलून झाल्यावर कळलं, आणि तो लाल झाला. पण त्याने मान खाली घातली नाही.

आबांनी त्याच्याकडे बघितलं. मग लोकांकडे वळले.

"अर्धं उघडं व्हतं," ते म्हणाले. "तो सांगस तेच खरं. तो आत व्हता, मी बाहेर व्हतू." आणि खाटेवर सरकून त्यांनी शेजारी जागा केली.